दारू सोडण्यासाठीच्या मीटिंगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मीटिंगला, म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसं जमून आपापले अनुभव सांगतात तिथे, गेले तेव्हा डोक्यात प्रश्नांची गर्दी होती आणि ते विचारायचे कोणाला हेच ठाऊक नव्हतं. आता नवीन आलेली माणसं तेच प्रश्न मला विचारतात. बहुतेक जण हळू आवाजात, मीटिंग सुटल्यावर. काही जण रात्री उशिरा फोन करून. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

मी तेवढी पीत नाही. मग मीटिंगला जायचा मला हक्क आहे का?

आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., या सगळ्यात जुन्या आणि जगभर पसरलेल्या गटाची सदस्य होण्यासाठी एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. किती पिता, काय पिता, किती वर्षं पिता, हे दाराशी कोणी विचारत नाही. 'मद्यपी' हा शब्द स्वतःला लावायचा की नाही, हेही ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

स्वतःपुरता अंदाज घ्यायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात ४० पैकी ८ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर गेलं असं साधारणपणे मानतात. माझी स्वतःची खूण वेगळी होती. मी नियम करत होते आणि मोडत होते. फक्त शनिवारी, मग फक्त रात्री नऊनंतर, मग फक्त दोन पेग. ज्याला दारूचा त्रास नाही त्याला असे नियम करावे लागत नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मीटिंगला जायच्या आधी दारू एकदम बंद करू का?

रोज आणि भरपूर पीत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा.

रोजच्या दारूची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की मेंदू खवळतो. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळत नाही. डॉक्टर त्याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल तर धोका आणखी वाढतो. डॉक्टर काही दिवस गोळ्या आणि थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडून देतात. गरज पडली तर दाखल करून घेतात.

मीटिंगमधली माणसं कितीही अनुभवी असोत, हे काम त्यांचं नाही. "आमच्या वेळी आम्ही अशीच सोडली" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका.

मीटिंग शोधायची कुठे?

ए.ए.ची अधिकृत वेबसाइट देशागणिक माहिती देते. बऱ्याच ठिकाणी त्यांची हेल्पलाइनही असते. 'मीटिंग गाइड' हे ए.ए.चं फुकट ॲप आहे. ते बऱ्याच भागांत जवळच्या मीटिंगांचा पत्ता आणि वेळ दाखवतं. याशिवाय व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, तिथले सामाजिक कार्यकर्ते यांना आसपासचे गट माहीत असतात. मला पत्ता एका नर्सने औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिला होता.

यादीत नाव सापडलं की तेवढ्यावर निघू नका, फोन करा. गट भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या खोलीत जमतात. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाचा हॉल, दवाखान्याची एखादी खोली. सुट्टीच्या दिवशी तीच खोली बंद असते, कधी गटच हलतो, आणि यादी मात्र जुनीच राहते. फोनवर विचारा: कोणता मजला, कोणतं दार, कोणती भाषा, किती वाजता संपते. बाहेर पाटी असेलच असं नाही. असली तरी लहानशी असते. हिंमत करून निघालेला माणूस बंद दारासमोरून परत फिरला की पुन्हा निघेपर्यंत महिने जातात. दोन मिनिटांचा फोन ते टाळतो. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतःच गटातला असतो, त्यामुळे तुम्ही अडखळलात तरी त्याला समजतं.

'खुली' आणि 'बंद' मीटिंग म्हणजे काय?

बंद मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे किंवा असावा अशी शंका आहे त्यांच्यासाठी. खुल्या मीटिंगला कोणीही येऊन बसू शकतं: नवरा, आई, मित्र, विद्यार्थी, डॉक्टर. सोबत कोणाला घेऊन जायचं असेल तर खुली मीटिंग शोधा.

पहिल्या मीटिंगमध्ये नेमकं काय होतं?

मीटिंग साधारण तासभर, कुठे दीड तास चालते. खुर्च्या गोल किंवा रांगेत मांडलेल्या असतात. एक जण मीटिंग चालवतो. तो साहेब नसतो, त्या दिवसापुरतं त्याने काम घेतलेलं असतं. सुरुवातीला गटाची ओळख करून देणारा मजकूर वाचतात, बऱ्याच ठिकाणी बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडायची ए.ए.ची टप्प्याटप्प्याची वाट, वाचतात. मग एखादा जण आपली गोष्ट सांगतो: पिणं कसं होतं, काय घडलं, आता कसं आहे. त्यानंतर एकेक जण बोलतो. याला सगळे 'शेअरिंग' म्हणतात. कोणी बोलत असताना मधे कोणी बोलत नाही आणि बोलून झाल्यावर त्याला कोणी सल्ला देत नाही. बाहेरून आलेल्याला हे विचित्र वाटतं. मला वाटलं होतं. आयुष्यभर मी बोलायला लागले की समोरचा उपाय सांगत आला होता. इथे माणसं नुसती ऐकत होती.

माझी पहिली मीटिंग मला कमी आणि एक कार्ड जास्त आठवतं. मी दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, म्हणजे कधीही उठता येईल. पायऱ्यांचं प्लास्टिक चढवलेलं कार्ड हातोहात फिरत होतं, प्रत्येक जण एक ओळ वाचत होता. ते माझ्याकडे आलं तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की अक्षरं दिसेनात. शेजारच्या वयस्कर बाईने काही न बोलता कार्डाचं दुसरं टोक धरलं. कार्ड स्थिर झालं. मी वाचलं. मीटिंग संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "उद्या येशील?"

बोलावंच लागतं का?

नाही. "मी आज फक्त ऐकणार आहे" एवढं म्हटलं की पुरतं. मान हलवलीत तरी पुढच्याकडे वळतात. मी पहिले तीन आठवडे गप्प होते. "नवीन कोणी आलंय का?" असं विचारतात तेव्हा हात वर करावा असं मात्र मी सुचवेन. त्याने तुम्हाला बोलावं लागत नाही. फक्त मीटिंगनंतर कोणीतरी जवळ येऊन फोन नंबर देतं, आणि तो नंबर लागतो.

अनोळखी लोकांच्या बोलण्याने माझी दारू कशी सुटेल?

हा प्रश्न मीही विचारला होता, जरा रागानेच. याचं उत्तर ए.ए.च्या जन्मातच आहे. मे १९३५मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रनला गेला होता. त्याची दारू सुटून काही महिनेच झाले होते. सौदा फिसकटला. हॉटेलात एका बाजूला बार होता आणि आतून ओढ लागली होती. त्याला एवढं समजलं होतं की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत असतो तेव्हा आपण तगतो. त्याने तिथल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली: दारूने गांजलेला कोणी माहीत आहे का? त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटं बसायचं कबूल करून आले आणि कित्येक तास बोलत बसले. पुढे एकदा घसरून डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ला, आणि ए.ए. आपला जन्मदिवस तोच मानते.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बिल समोरच्याला सुधारायला गेला नव्हता. त्याला स्वतःला वाचायचं होतं. आजही मीटिंग त्याच तत्त्वावर चालते. तुम्ही नवीन म्हणून येता तेव्हा जुन्यांवर उपकाराचं ओझं टाकत नाही. तुमचे थरथरणारे हात बघून आपण कुठून आलो ते त्यांना आठवतं, आणि त्यांचाही त्या दिवशीचा पेग टळतो.

पुराव्याविषयी विचाराल तर २०२०मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. २७ अभ्यास, १० हजारांहून अधिक माणसं. प्रशिक्षित समुपदेशकांनी ठरावीक पद्धतीने ए.ए.कडे वळवलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त होते. बोधात्मक वर्तन उपचारांसारख्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या, इतर पद्धतींत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. म्हणजे हमी नाही, पण इतर चांगल्या उपचारांच्या तोडीचं किंवा थोडं सरस. आणि यातला धडा असा, की डॉक्टर किंवा समुपदेशक आणि मीटिंग अशी जोडी जमली तर ती सोडू नका.

ओळखीचं कोणी भेटलं तर?

तर तोही त्याच कारणासाठी आलेला असेल. पहिल्या नावापलीकडे काही सांगावं लागत नाही, हजेरीपट ठेवत नाहीत, सदस्यांची यादी नसते. इथे कोण होतं आणि काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, ही परंपरा माणसं जिवापाड जपतात.

तरीही एक गोष्ट समजून घ्या. ही परंपरा आहे, कायदा नव्हे. वकील किंवा डॉक्टर यांच्यावर असतं तसं कायदेशीर बंधन शेजारी बसलेल्या माणसावर नसतं. म्हणून कोर्टात गेलेली प्रकरणं, दुसऱ्या कोणाची गुपितं, असं काही सगळ्यांसमोर तपशिलात मांडू नका. त्यासाठी विश्वासाचं एक माणूस किंवा समुपदेशक शोधा.

माझा देवावर विश्वास नाही. तिथे देवाधर्माचं चालतं म्हणे?

बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे हे खरं. मात्र तो 'आम्हाला जसा समजला तसा' या शब्दांसह आहे, आणि 'आपल्याहून मोठी शक्ती' म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. कित्येकांसाठी ती शक्ती म्हणजे समोर बसलेला गटच असतो. शेवटी प्रार्थना म्हणतात तेव्हा मी अजूनही गप्प उभी राहते. अकरा वर्षांत कोणी बोट दाखवलेलं नाही.

पण हे शब्द कानाला टोचत असतील तर त्यासाठी मीटिंग सोडू नका, गट बदला. ए.ए.मध्येच नास्तिक आणि अज्ञेयवाद्यांच्या मीटिंगा असतात. १९९४पासून चालणारी 'स्मार्ट रिकव्हरी' बोधात्मक वर्तन उपचारांतली तंत्रं वापरते. तिथे प्रशिक्षित व्यक्ती मीटिंग चालवते आणि एकमेकांशी चर्चा करायला मुभा असते. 'लाइफरिंग'ही देवाधर्माशिवाय चालतं. १९७५मध्ये सुरू झालेला 'विमेन फॉर सोब्रायटी' फक्त स्त्रियांसाठी आहे. तुमच्या जवळ यातलं काही नसेल तर या सगळ्यांच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत.

किती पैसे लागतात?

काहीच नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, ऐपतीप्रमाणे टाकायचं, नवीन माणसाने तर टाकूच नये असं बरेच गट सांगतात. ए.ए. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही. 'बरं करून देतो' म्हणून फी मागणारा कोणी भेटला तर तो गटाच्या वतीने बोलत नाही, हे पक्कं समजा.

प्यायलेल्या अवस्थेत गेलं तर चालेल का?

शांत बसू शकत असाल तर बहुतेक ठिकाणी आत घेतात. फक्त त्या दिवशी बोलायला सांगत नाहीत. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. आणि शुद्धीत आल्यावर लाजेने घरी बसू नका, दुसऱ्या दिवशी परत जा.

मी बाई आहे. तिथे सगळे पुरुषच असले तर?

बऱ्याच गटांत पुरुष जास्त असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. बाई पिते तेव्हा ती जास्त लपवून पिते. मी बाटल्या वॉशिंग मशीनच्या मागे ठेवत असे, आणि पाच वर्षं घरात कोणाला पत्ता नव्हता. म्हणून बाईला दुसऱ्या बाईचा आवाज ऐकायला मिळणं फार गरजेचं असतं. स्त्रियांसाठी वेगळी मीटिंग आहे का, हेल्पलाइनला विचारा. जवळ नसेल तर ऑनलाइन नक्की मिळेल.

सुरक्षिततेबद्दल स्पष्टच सांगते. नव्याने आलेली व्यक्ती हळवी असते आणि तिचा फायदा घेऊ पाहणारी माणसं कुठेही असतात, मीटिंगमध्येही. पहिल्या वर्षात गटातल्या कोणाशी प्रेमसंबंध जोडू नयेत, आणि बाईने मार्गदर्शक म्हणून बाईच निवडावी, हे जुने सल्ले अनुभवातून आलेले आहेत. कोणी एकटं भेटायचा आग्रह धरला, पैसे मागितले, नको तसा स्पर्श केला तर गटातल्या जुन्या बाईला लगेच सांगा, तो गट सोडा, आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जा. गुप्ततेची परंपरा गुन्हेगाराला झाकण्यासाठी नाही.

'स्पॉन्सर' म्हणजे कोण?

तुमच्या आधी या वाटेने गेलेलं एक माणूस, जे तुम्हाला पायऱ्यांवरून नेतं आणि ओढ लागली की ज्याला फोन करायचा. तो डॉक्टर नाही, सावकार नाही, गुरूही नाही. ज्याचं बोलणं ऐकून 'याच्यासारखं शांत जगता आलं तर बरं' असं वाटतं त्याला विचारा. नाही जमलं तर बदला, कोणी रागावत नाही. कार्डाचं टोक धरणारी ती बाई पुढे नऊ वर्षं माझी स्पॉन्सर होती.

मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत. मीटिंगमध्ये सांगतात बंद करा म्हणून?

कोणी सांगितलं तर तो त्या माणसाचा आगाऊपणा आहे. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, हीच ए.ए.ची स्वतःची भूमिका आहे. नैराश्याची गोळी घेतल्याने तुमची 'सोब्रायटी', म्हणजे दारूमुक्ती, कमअस्सल ठरत नाही. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधंही तशीच. मला दीड वर्ष औषधं चालू होती. मीटिंगाही चालू होत्या.

किती वेळा जायचं?

'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा' असा जुना सल्ला आहे. तो नियम नाही. नोकरी, मुलं, अंतर यांत रोज जमलं नाही तर आठवड्याला तीन गाठा. पण एका मीटिंगवरून मत बनवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो: कुठे हसतात फार, कुठे वाचन जास्त, कुठे एकच जण अर्धा तास बोलतो. निदान तीन-चार वेगवेगळ्या गटांत बसून बघा.

महिनोन्महिने बंद होती आणि परत प्यायलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

त्याच तोंडाने. आणि लवकर. इतके दिवस बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती घटलेली असते, जुन्या मापाने प्यायल्यास धोका जास्त असतो. पुन्हा रोज पिणं सुरू झालं असेल तर थांबवताना डॉक्टर लागतील, वर लिहिलंय तसंच.

आमच्या गटात एक गृहस्थ होते, चौदा वर्षं दारूमुक्त. नव्या लोकांना धीर द्यायला पहिले तेच उठायचे. अचानक यायचे बंद झाले. सात महिन्यांनी एका संध्याकाळी आले, मागच्या रांगेत बसले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. "आजचा पहिला दिवस कोणाचा?" असं विचारल्यावर त्यांना उठायला इतका वेळ लागला की आम्हाला वाटलं उठणार नाहीत. उठले, पुढे आले, पहिल्या दिवसाचं नाणं, म्हणजे दारूमुक्तीची खूण म्हणून गट देतो ते, घेतलं. त्या खोलीत त्याच्याआधी आणि नंतर मी इतका वेळ टाळ्या ऐकलेल्या नाहीत. त्यांची चौदा वर्षं कोणी पुसून टाकली नव्हती. त्या चौदा वर्षांत ज्यांना त्यांनी हात दिला तीच माणसं टाळ्या वाजवत होती.

पिणारा यायला तयार नाही. आम्ही घरचे काय करू?

तुम्ही जा. घरच्यांसाठी १९५१पासून 'अल-अनॉन' आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७मध्ये सुरू झालेलं 'अलाटीन'. पिणारा पीत असला तरी तिथे जाता येतं. तिथे पहिल्यांदा सांगतात ते असं: हे तुमच्यामुळे झालेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही, आणि ते तुम्ही बरं करू शकत नाही. माझी आई वर्षभर तिथे जात होती, मी अजून पीत असताना. ती बाटल्या शोधायची थांबली, माझ्या ऑफिसला खोटं सांगायची थांबली. त्यानंतरच मला माझं पिणं दिसायला लागलं.

जेवणात गुपचूप औषध मिसळू नका. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. घरात मारहाण होत असेल तर मीटिंगची वाट न बघता स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित जागी न्या.

आत्ता रात्री प्यावंसं वाटतंय आणि मीटिंग उद्या आहे. तोवर काय करू?

आधी बघा: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, दमलात का. या चारांतलं काहीतरी बहुतेक असतंच. काहीतरी खा. घरात बाटली असेल तर ओतून द्यायला सांगा किंवा घराबाहेर पडा. मिळालेल्या नंबरांपैकी एकाला फोन लावा. रात्र झाली म्हणून संकोच करू नका, ते नंबर त्यासाठीच दिलेले असतात. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला. नंबरच नसतील तर ऑनलाइन मीटिंग उघडा. जगात कुठे ना कुठे दिवस असतो, त्यामुळे चोवीस तासांत कधीही एखादी चालू सापडते. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र गटाची वाट बघू नका. आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा.

आयुष्यभराचं आज ठरवू नका, झोपेपर्यंतचं ठरवा. आणि उद्या मीटिंगला दहा मिनिटं आधी पोहोचा. त्या वेळी खुर्च्या मांडायचं काम चालू असतं. दोन खुर्च्या तुम्हीही उचला. तेवढ्यात कोणीतरी तुमचं नाव विचारेल.